पायापुरता उजेड

बारकी गेली त्या दिवशी संध्याकाळी तिची गादी गुंडाळायला गेलो, तर उशीखाली बॅटरी सापडली. मीच दिलेली, खोक्यासकट. खोक्याचं झाकण एकदा उघडून परत नीट लावलेलं. आमच्याकडं टॉर्चला टॉर्च कुणी म्हणत नाही, बॅटरी म्हणतात. ही चार्जिंगची, दणकट, साडेआठशे रुपयांची. लातूरच्या गंजगोलाईतल्या दुकानदारानं भर दुपारी मला जिन्याखालच्या गोदामात नेऊन तिचा उजेड दाखवला होता. पार टोकाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता आली. "साहेब, शेतात मारली तर शेजारच्या शिवारातलं रानडुक्कर उठून पळंल," असं तो म्हणाला आणि मी घासाघीस न करता पैसे दिले. बहीण साडेचार हजार मीटर उंचीवर चाललेली, उणे वीस डिग्रीच्या रात्री बाहेर ये-जा करणार. भावानं अशा वेळी काय द्यावं, तर उजेड. एवढा सरळ हिशेब होता.

आधी वाटलं, विसरली असेल. पण बॅग मी भरली होती. बॅटरी अगदी तळाशी, लोकरी मोज्यांच्या जोडात खोवून ठेवली होती. ती बाहेर काढायची तर वरचं सगळं उपसावं लागणार. आणि विसरलेली वस्तू स्वतःहून खोक्यात जाऊन उशीखाली बसत नाही.

फोन करून विचारता आलं असतं. नाही विचारलं.

बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. नाव चांगलं आहे, पण घरात ते फक्त तिच्या लग्नपत्रिकेत वापरलं. ती पुण्यात एका संस्थेत दुर्बिणींना लागणारी उपकरणं जुळवते. गेल्या दिवाळीत आली ती बातमी घेऊनच: डिसेंबरात पंधरा-वीस दिवस लडाखला, हानलेला जायचंय. आई ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दुर्बीण बघायला जायलीस का दुर्बिणीतून बघायला?" बारकी म्हणाली, "दोन्ही न्हाई आई. दुर्बिणीच्या पाठीमागं एक डबा असतो, त्यात हात घालायला." मी थोडं वाचलेलं होतं, म्हणून मध्ये तोंड घातलं. हानलेची ती दोन मीटर आरशाची दुर्बीण रोज चालवायला वर कुणी बसत नाही, बेंगळुरूजवळ होसकोटेला बसून उपग्रहामार्फत चालवतात. मग खालून चालत असताना वर कशाला जायचं? बारकीनं माझ्याकडं असं बघितलं की मी लहान आणि ती थोरली. "दादा, तुझी मोटार मोबाईलवरनं चालू होती की. मग फुटवॉल अडकला की विहिरीत कोण उतरतंय?"

या उत्तरावर बोलायला जागा नव्हती. गेल्या मृगात मीच उतरलो होतो.

तिच्या संस्थेनं दोन पानी यादी दिली होती. डॉक्टरचं प्रमाणपत्र, थर्मलचे दोन जोड, जाड मोजे, काळा चष्मा, ओठांना लावायचं मलम, क्षार-साखरेच्या पुड्या, डोंगर चढण्याआधीपासून घ्यायच्या गोळ्या. लेहला उतरल्यावर निदान दोन दिवस काहीही न करता पडून राहायचं, हे ठळक अक्षरांत. लेहच साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथं अंग हवेला सरावलं की मग सिंधूच्या काठाकाठानं गाडीनं सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि आणखी हजार मीटर वर. आईला यादीतलं फक्त ते पडून राहायचं कलम पटलं. बाकी यादी तिनं आपली केली. विमानात पंधरा किलोच चालतं म्हणून आम्ही सोयाबीनचं पोतं तोलायचा स्प्रिंगचा काटा ओसरीच्या कडीला अडकवला आणि बॅग त्याला टांगली. बॅग गोल फिरायची, काटा थरथरायचा, आई खाली उभी राहून एक चटणीची पुडी काढायची, दुसरी घालायची. सोळा झालं की पुड्या नव्हेत, बारकीचे कपडे जड आहेत असं तिचं म्हणणं.

त्या दोन दिवसांत आईबरोबर एक वाद झाला तो अजून आठवतो. मी सांगत होतो की तिथं हवा विरळ, हवेचा दाब आपल्या निम्म्याहून थोडा जास्त, त्यामुळं पाणी ८५ डिग्रीच्या आसपासच उकळतं. डाळ-भात कुकरशिवाय शिजत नाही. आई म्हणाली, "उकळी येती ना?" येते. "बुडबुडे येतेत?" येतात. "वाफ निघती?" निघते. मग थोडा वेळ ती गप्प बसली आणि म्हणाली, "म्हंजी उकळी खोटी." मी वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतोय. उत्कलनांक आणि दाब यांचा संबंध इतक्या कमी शब्दांत मला सांगता आलेला नाही. आणि खोटी उकळी असं एकदा ठरल्यावर तिनं पुढचा विचारही स्वतःच केला: जे शिजवावं लागतं ते काही न्यायचं नाही, जे भाजून झालंय तेच न्यायचं. येसर, मेथकूट, कारळ्याची चटणी, शेंगदाण्याची चटणी. येसर तर भाजून दळलेलंच असतं, कोमट पाण्यात कालवून चटका दिला तरी आमटी झाल्यासारखी होते. ओसरीभर धने-लवंगांचा वास, खलबत्त्याचा आवाज, बारकी मध्येच येऊन दाणे तोंडात टाकतेय. लेहला पोचल्यावर तिनं पहिला फोटो पाठवला तो डोंगराचा नव्हे, चटणीच्या पुडीचा. खाली सपाट होती ती पुडी तिथं टम्म फुगून तव्यावरच्या भाकरीसारखी झाली होती. आईनं तो फोटो शेजारणीला दाखवला, "बघ, पोरीच्या आधी चटणीला वारं लागलं" म्हणून.

दुसरा फोटो मात्र मी आईला दाखवला नाही.

यादीत ऑक्सिमीटर होता. नवा घ्यायची गरज नव्हती, घरात होता. कपाटाच्या खालच्या खणात, आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, चष्म्याच्या आणि पेन्शनच्या पासबुकाच्या बाजूला. २०२१च्या एप्रिलपासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मी सेल बदलले, स्वतःच्या बोटाला लावून बघितला, ९८ आले, आणि मला खाली बसावं लागलं. त्या एप्रिलमध्ये ओसरीवर आबांच्या बोटाला हाच चिमटा लावून आम्ही आकडे वहीत लिहीत होतो. ९३, ९१, ९२, मग एका पहाटे ८४. ८४ म्हणजे काय ते त्या दिवसांत शाळेतल्या पोरांनाही कळत होतं. गाडी, बेड, सिलिंडर, फोन. पुढचं लिहीत नाही. बारकीनं हानलेला पोचल्याच्या रात्री फोटो पाठवला: तेच यंत्र, तिचं बोट, लाल आकडा ८४. खाली लिहिलेलं, "घाबरू नको, इथं हे नॉर्मल. जरा डोकं दुखतंय, बाकी झकास." मला ते समजत होतं. विरळ हवेत सरावलेल्या माणसाच्या रक्तातही प्राणवायू कमीच भरतो, शरीर त्याच्याशी जुळवून घेतं, हे मी दुसऱ्याला समजावून सांगू शकलो असतो. तरी रात्री दोनदा उठून तिचं 'शेवटचं पाहिलेलं' बघितलं. एकाच आकड्याला एका घरात दोन अर्थ होऊ शकतात, हे बुद्धीला पटतं. छातीला पटायला वेळ लागतो.

तिनं तो ऑक्सिमीटर का नेला असेल, हेही मी विचारलं नव्हतं. पुण्यात चारशे रुपयांना नवा मिळतो.

आम्ही भावंडं विचारत नाही. आबांचं वळण आहे ते. आबा रात्री पाणी धरायला निघायचे तेव्हा कुठं चाललात असं कुणी विचारलेलं त्यांना चालायचं नाही, मागं जायचं असेल तर गुपचूप चपला घालायच्या. बारकी सात-आठ वर्षांची असल्यापासून त्यांच्या मागं जायची. मला झोप प्यारी होती आणि थंडीचा कंटाळा. शेतीची थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. रात्री अकराला यायची ती पहाटेपर्यंत. गव्हाच्या साऱ्यात दारं धरत, म्हणजे पाटाचं पाणी एका साऱ्यातून दुसऱ्यात वळवत, आबा उभे राहायचे आणि पोरगी आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या खोपटाच्या, कडेला कडब्यावर घोंगडं पांघरून आभाळ बघत पडायची. घड्याळ आबांकडं नव्हतं असं नाही, पण शेतात ते आभाळाकडं बघून वेळ सांगायचे. तिकांडं डोक्यावर आलं, बाजलं उगवून वर आलं, आता शुक्र निघंल, मोटार बंद करायची वेळ झाली. पुस्तकात ज्याला मृग नक्षत्र म्हणतात त्यातल्या तीन ताऱ्यांचं तिकांडं, सप्तर्षींचं बाजलं. चार तारे म्हणजे म्हातारीच्या बाजेचे चार खूर, आणि मागचे तिघं ती बाज ओढून नेणारे चोर. बारकीनं पुढं पीएचडी केली, तिच्या प्रबंधात मला ओ की ठो कळलं नाही, पण चोरांनी म्हातारीची बाज अजून कुठवर नेली, हे ती अजूनही सांगते.

तिचं पहिलं आभाळ मात्र ते नव्हे. ते मी दाखवलं, म्हणजे दाखवायचं म्हणून दाखवलं नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून सगळी उशिरा झोपलेली. मी अकरा वर्षांचा, बारकी तीन. पहाटे ३:५६ला जे झालं त्याचा आवाज लिहायला मला अजून शब्द सापडलेला नाही. ट्रक घरात शिरल्यासारखा, असं सगळेच म्हणतात, मीही तसंच म्हणतो. भूकंप झाला त्या किल्लारीपासून आमचं गाव बरंच अलीकडं. घराची एक भिंत गेली, माळवदाची माती धो-धो पडली, पण माणसं वाचली. आबांनी माझ्या हातात बारकी दिली आणि म्हणाले, उघड्यावर जा. मी तिला घेऊन खळ्यावर पळालो. पौर्णिमेला एक दिवस राहिला होता, चंद्र मावळतीकडं, आणि गावातून उठलेल्या धुरळ्यानं तो तांबडा झालेला. बारकी रडत नव्हती. माझ्या खांद्यावर मान टाकून वर बघत होती. त्यानंतर कित्येक महिने आमच्या भागात कुणी छताखाली झोपायला तयार नव्हतं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, त्याखालीच माणसं दबली होती. ज्या माळवदावर उन्हाळ्यात आम्ही गारव्याला झोपायचो, त्याच्या सावलीलाही भ्यायचो. ताडपत्रीच्या पालात बारकी बोलायला शिकली म्हटलं तरी चालेल. वर्षभरापूर्वी तिला कुणीतरी विचारलं, खगोलशास्त्राची आवड कशी लागली. ती म्हणाली, "घर पडलं होतं." समोरच्याला वाटलं गंमत करतेय.

म्हणूनच औंढ्याचा विषय निघाला की आमच्या घरात वेगळंच हसू होतं. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी मोठी वेधशाळा होतेय, चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू असलेली. २०२३ साली केंद्रानं मंजुरी दिली तेव्हापासून गावातल्या प्रत्येकानं मला विचारून झालंय की बारकीची बदली तिकडं होत नाही का, येता-जाता घरची भाकरी खाईल. आईचंही तेच. बारकीनं तिला समजावलं की ते यंत्र बघत नाही, हलणं मोजतं. त्याला अंधाराशी देणंघेणं नाही, त्याला शांत जमीन पाहिजे. आई म्हणाली, "शांत जमीन? मराठवाड्यात?" मग बारकी औंढा आणि किल्लारी यांतलं अंतर सांगायला लागली, पण आई उठून गेली होती.

जागेच्या निवडीचं हे प्रकरण मला फार विचित्र वाटतं. हानले का, तर तिथं पाऊस पोचत नाही. हिमालयाची रांग मान्सून अडवते, पलीकडं कोरडं ठणठणीत. वर्षातल्या बहुतेक रात्री निरभ्र, हवेत ओल जवळजवळ नाहीच. ताऱ्यांकडून येणाऱ्या अवरक्त प्रकाशाला पाण्याची वाफ गिळून टाकते, म्हणून जिथं वाफ नाही तिथं दुर्बीण. यालाच भूगोलात पर्जन्यछाया म्हणतात. हा शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. सह्याद्रीची आकृती काढतो, पश्चिमेला ढग, पूर्वेला आपण. पोरं विचारतात, मग आपण इथं का राहतो, गुरुजी? २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी पोरांना घेऊन रुळाकडं गेलो होतो. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. पोरांनी गाडीला हात केला, लग्नाच्या वरातीला करावा तसा. आणि तिकडं हीच छाया हुडकत शास्त्रज्ञ डोंगरामागून डोंगर पालथे घालत होते. बारकीला मी हे एकदा तिरकसपणे बोललो. ती म्हणाली, "आपल्याकडं छाया अर्धीच हाय दादा. पाऊस येत बी न्हाई आणि ढग हटत बी न्हाईत." शेतकऱ्याच्या पोरीनं शिकून-सवरून शेवटी शेतकऱ्याचंच गाऱ्हाणं गायलं.

उजेडाचंही तसंच. २०२२च्या डिसेंबरात हानलेभोवतीचा प्रदेश 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून जाहीर झाला. तिथल्या गावकऱ्यांना खिडक्यांचे जाड पडदे दिले, दिव्यांना वरून झाकणं घातली. साधारण त्याच सुमारास आमच्या गावात मारुतीच्या पारासमोर उंच खांब आला, वर सहा पांढरेफेक दिवे. त्या अर्जावर दुसरी सही माझी आहे. पारावर साप निघायचे, बायकांना अंधारात बाहेर जावं लागायचं, पोरांना अभ्यासाला उजेड नव्हता. मला त्या सहीची लाज वाटत नाही. पण खांब पेटला त्या रात्री अंगणातून वर बघितलं तर आभाळ धुतलेल्या पाटीसारखं कोरं. बारकी पुढच्या सुट्टीत आली, उभी राहिली, काही बोलली नाही, आणि जेवण झाल्यावर चपला घालून आखाड्याकडं गेली.

ती निघाली तेव्हा येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, दहा दिवसांवर होती. लातूर-धाराशिवकडचं माणूस कुठंही असलं तरी येळवसला शेतात पोचतं, नोकरीतले अर्ज टाकतात, पुण्या-मुंबईच्या गाड्या भरून येतात. आईनं शेवटचा प्रयत्न करून बघितला, "चार दिस उशिरा गेलीस तर दुर्बीण पळून जाती का?" पण ते जमण्यासारखं नव्हतंच. चांदण्याच्या रात्री अंधुक वस्तू दिसत नाहीत. म्हणून उपकरणाची खोलाखोल, स्क्रू पिळणं, तारा जोडणं हे चांदणं आहे तोवर उरकायचं आणि अमावस्येच्या आसपासच्या काळ्या रात्री खऱ्या बघण्यासाठी राखायच्या. तिचं उपकरण चालतं की नाही हे कळायच्या रात्री म्हणजे नेमक्या येळवसच्या. आपण ज्या अमावस्येला शेतात जाऊन जेवतो, ती त्यांची सुगी.

येळवसला कडब्याच्या कोपीत पांडव मांडले, भज्जी-आंबील झाली, पाहुणे झाले, आणि दिवस मावळल्यावर हेंडगा पेटवून मी पिकाभोवती फिरवला. हरभऱ्याच्या कडेनं पळताना ठिणग्या उडत होत्या, मागं पोरं ओरडत होती. एरवी हे काम बारकी माझ्याकडून हिसकावून घ्यायची. तिकडं डोंगरावर रात्री गाडीचे मोठे दिवेसुद्धा लावत नाहीत, पडद्याआड जेवतात, आणि इथं आम्ही त्याच काळ्या रात्री धडधडीत आग घेऊन शिवारभर पळतोय. मला हसू आलं आणि मग ती उशीखालची बॅटरी आठवली.

कळत मला सगळं होतंच. डोळ्याचा पडदा, त्यातल्या दंडपेशी आणि शंकुपेशी, अंधाराला सरावायला लागणारा वीस ते तीस मिनिटांचा वेळ, एका पांढऱ्या झोतानं ते सगळं पाण्यात जाणं, आणि लाल उजेड त्यातल्या त्यात चालून जाणं. हा धडा मी पोरांना तोंडपाठ सांगतो. असल्या जागी झगझगीत बॅटरी नेणाऱ्या पाहुण्याला काय म्हणत असतील तेही ओळखू शकतो. संस्थेनं तिला डोक्याला बांधायचा लाल दिवा दिलेला मी स्वतः बॅगेत ठेवला होता, बॅटरीच्या शेजारी! तरी त्या अंधाऱ्या गोदामात भिंतीवरची तारीख वाचताना यातलं काही आठवलं नाही. बारकीनं ती बॅटरी काढली हे बरोबरच केलं. पण मला सांगून काढली असती तर? सांगायची गरज तिला वाटली नाही, की सांगायची भीती वाटली? शिकलेल्या बहिणीला भावाची वस्तू नाही म्हणता येत नाही, म्हणून ती उशीखाली ठेवते. हे मला लागलं होतं. एवढीशी गोष्ट.

येळवसनंतर आमची रात्रीची लाईट होती. मी आखाड्यावर गेलो, दाराच्या आतल्या खिळ्याला हात लावला, तर खिळा रिकामा. त्या खिळ्याला आबांची बॅटरी असायची. दोन सेलची, पत्र्याची, चट्टे पडलेली, काचेला चीर. आबा गेल्यापासून ती मी वापरत नाही, पण खिळ्यावरून हलवलीही नाही. माझं डोकं फिरलं. आमच्याकडं मोटारीच्या केबली जातात, स्टार्टरच्या पेट्या जातात, पण ही? दुसऱ्या दिवशी सकाळी मी गड्याच्या पोराला सरळ विचारलं. तो न्हाई म्हणाला. मी आवाज चढवून पुन्हा विचारलं. त्याचा चेहरा पडला, आणि दुपारी गडी स्वतः येऊन उभा राहिला, "गुरुजी, पोरगं शेण खात न्हाई." मी काहीतरी पुटपुटलो.

त्याच रात्री बारकीचा फोन आला. आवाज फाटका, वाक्याच्या मध्ये दम घ्यायची. उपकरण चाललं होतं. पहिल्या रात्री एक जोड सैल निघाला, तो बोटं बधिर होईस्तोवर आवळला, दुसऱ्या रात्री चित्र नीट आलं. आईची येसर-आमटी तिथल्या स्वयंपाक्यालाही आवडली. दिवसा खिडक्या झाकून झोपते, झोप लागत नाही, नाकातनं थोडं रक्त येतं, आईला सांगू नको. मग मी विचारू का नको करत आखाड्यावरची बॅटरी गेल्याचं सांगितलं. फोनवर थोडा वेळ फक्त श्वास ऐकू आला.

"माझ्याकडं हाय ती."

"तुझ्याकडं?"

"काचेवर लाल जिलेटिन कागद लावलाय. सेल थंडीनं मरतेत, मग खिशात अंगाशी धरून ठेवती. दादा, तुझी लई फाकती. आबांचीचा उजेड पायापुरता पडतो."

मी म्हणालो, बरं. ती म्हणाली, गव्हाला पाणी झालं का? मी म्हणालो, आज शेवटची पट्टी. तेवढ्यात फोन कटला.

दिवस उजाडल्यावर गड्याच्या घरी जायचं होतं, ते काम डोक्यात घेऊनच शेतावर गेलो. लाईट पावणेबाराला आली. मोटार लागली, पाटातून पाणी सुटलं. बरोबर साडेआठशेची बॅटरी होती, आता ती माझीच. पाणी कुठवर गेलंय ते बघायला बांधावर उभा राहून झोत मारला तर गव्हाची ओंब्यांवर आलेली रांगच्या रांग पांढरी झाली, बांधावरच्या बाभळीचा काटान् काटा दिसला, आणि पार पलीकडच्या शेतातून आवाज आला, "ए गुरुजी! डोळ्यात मारू नको की रं! आंधळा करतूस का मला?"

शेजारचे अण्णाही दारं धरत होते. बॅटरीशिवाय, कधीपासून कोण जाणे.

मी बटण दाबलं. सुरुवातीला काहीच दिसेना, डोळ्यांसमोर हिरवे-जांभळे डाग नाचत राहिले. थंडी पायातून वर चढत होती. मोटारीचा एकसुरी आवाज, पाटाच्या कडेला पाण्याची चुळचूळ, लांब कुठंतरी टिटवी. मग बांधाची कड काळी वेगळी झाली. मग गहू. मग साऱ्यात पसरलेलं पाणी, आणि त्यात, गव्हाच्या दोन ओळींच्या मध्ये, तिकांडं, हलतंय. सारा भरला होता. खोरं चाचपडून हातात घेतलं आणि पुढचं दार मोडलं.